डॉक्टरांविरुद्ध परिषदेकडे तक्रार: कुठलं दार, कोणते कागद, कोणता क्रम

चुकीच्या किंवा अशास्त्रीय उपचारांबद्दल परिषदेकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या वैधानिक संस्थेकडे, गेलेल्या तक्रारी बऱ्याचदा डॉक्टर निर्दोष होते म्हणून पडत नाहीत. तक्रार भलत्याच परिषदेकडे गेलेली असते, इनडोअर पेपर (पेशंट भरती असतानाच्या नोंदींचे कागद) मागायचेच राहून गेलेले असतात, किंवा सात पानांत संताप असतो आणि तारीख एकही नसते. ही माहिती महाराष्ट्रापुरती आहे. राज्याबाहेरच्या वाचकांनी आपल्या राज्याची परिषद आणि कायदे पाहावेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण इथूनच अपेक्षा बिघडतात. परिषद नुकसानभरपाई देत नाही आणि तुरुंगातही पाठवत नाही. ती ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी किंवा कायमचं डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढू शकते. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. तिथली मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची, आणि परिषदेकडे तक्रार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. 'आधी परिषदेचा निकाल येऊ दे, मग बघू' असं म्हणत थांबलेल्या घरांची ही मुदत हातची गेलेली असते. भरपाई मागायची असेल तर दोन्ही अर्ज समांतर चालवा.

## टप्पा १: पेशंट आधी, तक्रार नंतर

पेशंट अजून आजारी असेल तर त्याला दुसऱ्या पात्र डॉक्टरकडे न्या. पहिल्या डॉक्टरचं औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नका. दम्यावर, सांधेदुखीवर, खाजेवर बिननावाच्या पुड्यांनी 'झटपट आराम' पडला असेल तर त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता असते, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. पुड्या नव्या डॉक्टरला दाखवा आणि त्यालाच ठरवू द्या.

याच भेटीत पुराव्याचं एक मोठं काम होऊन जातं. नव्या दवाखान्यात दाखल करताना हिस्टरी लिहून घेतात. 'बाहेर उपचार घेतले' एवढ्यावर ती भागू देऊ नका. कोणतं औषध, किती दिवस, कोणाच्या सल्ल्याने, इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी कोणत्या तारखेपासून बंद करायला सांगितली, हे सगळं केसपेपरवर लिहायची विनंती करा. पहिल्या डॉक्टरविरुद्ध लेखी मत द्यायला दुसरा डॉक्टर सहसा तयार होत नाही, आणि त्यात नवल काही नाही. पण पेशंट आला तेव्हा साखर किती होती, शुद्ध होती का, जखम कशी होती, या नोंदी तो करतोच. पुढे सुनावणीत मतापेक्षा या नोंदीच जास्त कामाला येतात.

इशारा: दवाखान्यात जाऊन आरडाओरडा, धक्काबुक्की, काच फोडणं यातलं काहीही नको. २०१० च्या राज्य कायद्यानुसार यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यानंतर डॉक्टर फिर्यादी होतो आणि तुम्ही आरोपी.

## टप्पा २: पाटीवरची डिग्री नको, रजिस्ट्रेशन नंबर हवा

आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो. प्रिस्क्रिप्शन, दाखला आणि पैशाच्या पावतीवरही छापायचा असतो. तो घ्या आणि त्या परिषदेच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत तपासा. नाव जुळतं का, नोंदणी चालू आहे का, पदव्युत्तर पदवी नोंदलेली आहे का, हे पाहा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

आता दार कुठलं ते ठरवू. एमबीबीएस आणि त्यावरच्या पदव्या असतील तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. आयुर्वेद किंवा युनानी, म्हणजे बीएएमएस, बीयूएमएस आणि त्यावरचं, असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. बीएचएमएससाठी महाराष्ट्र होमिओपॅथी परिषद, दातांच्या डॉक्टरसाठी राज्य दंत परिषद, फिजिओथेरपिस्टसाठी व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद.

कुठल्याच नोंदवहीत नाव सापडलं नाही, तर परिषदेच्या शिस्तभंगाचा प्रश्नच उरत नाही, कारण जे नाव नोंदवहीत नाही ते काढणार कसं? तो मामला बोगस डॉक्टरचा. ग्रामीण भागात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि सोबत पोलीस ठाण्यात लेखी द्या. आधुनिक वैद्यकाचा विनानोंदणी व्यवसाय केल्यास राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इलेक्ट्रोपॅथी, 'नाडीतज्ज्ञ', 'ऊर्जा चिकित्सक' अशा पाट्यांना भुलू नका. त्या कशाचीच वैधानिक परिषद नाही. मात्र पाटीवर काहीही असलं तरी नोंदवही एकदा बघाच. कधी कधी 'ऊर्जा चिकित्सक' म्हणवणारा माणूस रीतसर एमबीबीएस निघतो, आणि तसं असेल तर तो वैद्यक परिषदेच्या कक्षेत येतो.

तक्रार रुग्णालयाविरुद्ध असेल, म्हणजे कागद देत नाहीत, बिलासाठी अडवून धरलं, दरपत्रक किंवा रुग्ण हक्क सनद लावलेली नाही, तर ती स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे रुग्णालयांच्या नोंदणीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाते. परिषदेची सत्ता माणसावर चालते, इमारतीवर नाही. 'अमुक हॉस्पिटल, त्याचे मालक व सर्व स्टाफ' असं नाव घातलेली तक्रार म्हणूनच परत येते.

तपासा: प्रत्येक डॉक्टरचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, परिषद आणि त्याने नेमकं काय केलं, हे एकेका ओळीत लिहिता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: 'ॲलोपॅथीची गोळी दिली' एवढ्याने भागत नाही

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते, म्हणून जरा थांबू.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईतल्या एका होमिओपॅथच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं होतं की, ज्या शाखेचं शिक्षण नाही त्या शाखेची औषधं देणं हाच निष्काळजीपणा. हा निकाल अनेकांना तोंडपाठ असतो आणि तो प्रत्येक तक्रारीला जोडलाही जातो. पण महाराष्ट्रात त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं आहे. आयुर्वेद-युनानीच्या एकात्मिक अभ्यासक्रमाच्या नोंदणीकृत डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधं वापरायची मुभा राज्याच्या कायद्याने आणि अधिसूचनांनी दिली आहे. होमिओपॅथांसाठी २०१४ मध्ये कायदा बदलला. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स पूर्ण केलेल्यांना मर्यादित परवानगी मिळाली. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये डॉक्टरांचे संप झाले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. म्हणून तक्रार करण्याच्या आठवड्यातली कायदेशीर स्थिती तपासून घ्या, गेल्या वर्षीच्या बातमीवर विसंबू नका. शल्य (शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा) विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आयुर्वेद डॉक्टरांसाठी २०२० च्या अधिसूचनेत ५८ शस्त्रक्रियांची यादी आहे. तिथेही 'वैद्याने ऑपरेशन केलं' हा आरोप आपोआप टिकत नाही.

मग काय टिकतं? प्रशिक्षणापलीकडे जाऊन केलेलं काम. कोर्स न केलेल्या होमिओपॅथने दिलेलं अँटिबायोटिक. बीएएमएस पदवीवर लावलेली 'हृदयरोगतज्ज्ञ' ही पाटी. उपचार आपल्या आवाक्याबाहेरचा आहे हे दिसत असूनही पुढे न पाठवलेला पेशंट. आरोप 'हक्क नव्हता' असा असेल, तर त्या डॉक्टरची पदवी, कोर्स आणि नोंदणी यांचे कागद जोडावेच लागतात.

उलट्या बाजूचं प्रकरण म्हणजे एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरने दिलेले अशास्त्रीय उपचार. त्यासाठी २००२ चे व्यावसायिक आचरणाचे नियम आहेत. (२०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. नव्या नियमांतली कलमं घालून केलेल्या तक्रारी अजूनही दिसतात. ती चूक टाळा.) त्यातल्या उपयोगी तरतुदी अशा:

१.२.१: शास्त्रीय पायावर उभ्या असलेल्या उपचारपद्धतीच वापराव्यात, हे तत्त्व मोडणाऱ्यांशी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत.
१.३.२: रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत द्यावं.
६.१: जाहिरातबाजी करू नये.
६.५: ज्यात काय आहे ते स्वतःलाच माहीत नाही असं गुप्त औषध देऊ नये.
७.१६: शस्त्रक्रियेआधी लेखी संमती घ्यावी.
७.२०: त्या शाखेची विशेष पात्रता नसताना तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये.

ऑटिझम असलेल्या मुलांना स्टेम सेलची इंजेक्शनं देणारे दवाखाने हे आजचं ठळक उदाहरण. काही रक्तविकारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच व्हावा, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ऑटिझमसाठी हा उपचार करू नये अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाच्या समितीने २०२२ मध्ये घेतली. अशा तक्रारीला हे दोन कागद जोडले की 'डॉक्टरांमध्ये मतभेद असतात' या बचावाला फारसा अर्थ राहत नाही.

वरचे क्रमांक फक्त आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांना लागू आहेत. आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीला त्यांच्या आयोगांचे वेगळे नियम आहेत. बीएचएमएस डॉक्टरवर '६.५ चा भंग' लिहिलं की समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत तक्रार खिळखिळी करतो.

## टप्पा ४: कागद

रेकॉर्डचा अर्ज तक्रारीच्या आधी जातो, नंतर नाही. नोटीस मिळाल्यावर कागद 'सापडेनासे' होतात किंवा नको इतके स्वच्छ होऊन येतात. भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं असतं. जुनं प्रकरण असेल तर घाई करा.

अर्ज साधा असावा. 'सेकंड ओपिनियनसाठी व विम्यासाठी रेकॉर्ड हवं आहे' असं लिहायला हरकत नाही, पण ते खरं असेल तरच. कारण न देताही मागता येतं. नुसतं 'फाइल द्या' म्हणू नका, हातात डिस्चार्ज कार्ड पडेल. नावानिशी मागा: ओपीडी केसपेपर, इनडोअर पेपर, रोजचा औषधतक्ता, नर्सिंग नोट्स, संमतीपत्रं, ऑपरेशन आणि भूल नोट्स, सगळे रिपोर्ट, एक्स-रे आणि स्कॅनच्या प्रती, तपशीलवार बिल. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. वेळ यासाठी की ७२ तास तिथून मोजायचे. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती ठेवा. नकार मिळाला तर हताश होऊ नका, तो नकारच तक्रारीचा एक वेगळा मुद्दा होतो. पेशंट गेला असेल तर वारसाच्या नात्याचा पुरावा आणि मृत्यूचा दाखला जोडा. सरकारी दवाखाना असेल तर सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

छोट्या दवाखान्यात केसपेपर नावाची वस्तूच नसते. तिथे मेडिकलच्या पावत्या, यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सॲपवरचे निरोप, व्हॉइस नोट, अपॉइंटमेंटचे मेसेज यांवरून भेटी उभ्या कराव्या लागतात. चॅट एक्स्पोर्ट करा, पण मूळ फोन विकू किंवा रीसेट करू नका.

पुड्या आणि बाटल्यांचं काय करायचं? आधी फोटो काढा, त्यात चिठ्ठी आणि पुडीचा रंग-आकार दिसू द्या. मग निम्म्या पुड्या न उघडता कोरड्या पाकिटात घाला, पाकीट चिकटवा, जोडावर तारीख टाकून सही करा. उरलेल्यातून तपासणी करून घेता येते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देताना 'यात काय आहे बघा' असं न म्हणता नेमकं सांगा: स्टिरॉइड, वेदनाशामक, शिसं, पारा. अन्न व औषध प्रशासनाकडे नमुना दिला तर पोच घ्या. सगळ्या पुड्या एकाच ठिकाणी देऊन रिकाम्या हाताने परतू नका.

मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार 'मुळापासून बरे' करण्याची जाहिरात असेल तर पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, पत्त्याची ओळ आणि तारीख त्यात येऊ द्या. आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा इथे लागतो, आणि त्याची तक्रारही अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी करता येते.

## टप्पा ५: तारीखवार तक्ता

तक्रार लिहायला बसण्याआधी चार रकाने आखा: तारीख, काय घडलं, कोणी केलं, कोणता कागद. चौथा रकाना रिकामा असलेल्या ओळींवर खूण करा. त्या खोट्या असतात असं नाही, पण त्यांच्यावर मुख्य आरोप उभा करू नका.

समजा, इन्सुलिनवरच्या पेशंटला एका डॉक्टरने काढा सुरू केला आणि इन्सुलिन बंद करायला लावलं. बहुतेक तक्रारींत वाक्य असं येतं: 'या डॉक्टरने पैशाच्या लोभापायी माझ्या वडिलांच्या जिवाशी खेळ केला.' परिषदेला यातून काहीच हाती लागत नाही. हेच असं लिहा: '३ तारखेच्या चिठ्ठीवर (जोडपत्र २) डॉक्टरांनी इन्सुलिन बंद असं लिहिलं. त्या दिवशी किंवा नंतर साखर तपासायला सांगितलं नाही. ११ तारखेच्या दाखल-नोंदीत (जोडपत्र ५) पेशंट अर्धवट शुद्धीत असल्याचं आणि साखर वाढल्याचं नमूद आहे.' राग दिसत नाही, पण वाचणारा डॉक्टर खुर्चीत सरळ होऊन बसतो. परिषदेवर बसलेली मंडळी डॉक्टरच असतात, आणि तपासणी न सांगता इन्सुलिन थांबवणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

## टप्पा ६: तक्रार लिहिणं आणि दाखल करणं

परिषदेच्या संकेतस्थळावरचा नमुना त्याच दिवशी उतरवून घ्या. शुल्क, प्रतिज्ञापत्र आणि किती संच द्यायचे हे तिथूनच पाहा. अमुक वर्षी शेजाऱ्याने काय दिलं, यावर जाऊ नका.

मजकुराचा क्रम: तुम्ही कोण आणि पेशंटशी नातं काय, डॉक्टरची ओळख, घटनाक्रम, आरोप, मागणी. तीन ते चार पानं पुरे. आरोप कमी आणि टोकदार ठेवा. बारा आरोपांपैकी नऊ कच्चे असले तर पक्के तीनही त्यांच्याबरोबर बुडतात. 'पेशंट दगावला, म्हणजे चूक झाली' हा आरोप नव्हे. चांगल्या उपचारानंतरही माणसं जातात; त्या वेळी त्या डॉक्टरने काय करायला हवं होतं आणि काय केलं, एवढाच मुद्दा आहे. मागणीत 'लायसन रद्द करून फाशी द्यावी' छाप मजकूर नको. चौकशी करावी, नियमानुसार कारवाई करावी, आणि धोका चालूच असेल तर चौकशी होईपर्यंत ती विशिष्ट उपचारपद्धती थांबवावी, असं मागा. २००२ च्या नियमांत अशा अंतरिम मनाईची तरतूद आहे आणि ती मागणारे फार थोडे.

मूळ कागद कधीच देऊ नका. पानांना क्रमांक घाला, जोडपत्रांची यादी वर लावा, आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

इशारा: 'इतके द्या, तक्रार मागे घेतो' असा निरोप पाठवू नका. भरपाईची मागणी वकिलाच्या नोटिशीतून किंवा ग्राहक आयोगात करा. मोबाइलवरचा असा एक मेसेज तुमच्यावरच खंडणीचा आरोप आणू शकतो. निकाल लागेपर्यंत डॉक्टरचं नाव घालून फेसबुकवर लिहिणंही आवरा.

## टप्पा ७: उत्तर आणि सुनावणी

डॉक्टरचं लेखी म्हणणं आलं की प्रत मागा आणि परिच्छेदागणिक उत्तर द्या. बचाव ठरलेले असतात: संमती घेतली होती, ही ज्ञात गुंतागुंत आहे, पेशंटने पथ्य पाळलं नाही, फॉलोअपला आला नाही. प्रत्येकाला कागदाने उत्तर द्या. संमतीपत्र रिकामं छापील होतं का? पेशंटची सही कोणत्या भाषेतल्या मजकुराखाली आहे? पर्यायी उपचाराबद्दल 'दुसरा खात्रीचा उपचार उपलब्ध आहे' हे सांगितल्याची नोंद आहे का? शेवटचा प्रश्न विसरू नका. पेशंटने 'स्वखुशीने' काढा घेतला हा बचाव तिथे येऊन अडतो.

सुनावणीला तारखेचा तक्ता आणि मूळ कागद घेऊन जा. विचारलं तेवढंच सांगा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. एका तारखेला गैरहजर राहावं लागलं तर आधी लेखी कळवा. तक्रारदारच आला नाही म्हणून फाइल बंद होणं ही सगळ्यात टाळता येण्याजोगी हार आहे.

## टप्पा ८: उशीर झाला, किंवा निकाल विरुद्ध गेला

नियमानुसार तक्रारीवर सहा महिन्यांत निर्णय व्हायला हवा. प्रत्यक्षात तो लांबतो. सहा महिने उलटले की आवक क्रमांक घालून स्मरणपत्र द्या, आणि माहिती अधिकारात फाइलची सद्यस्थिती व पुढच्या सुनावणीची तारीख विचारा. राज्यात अर्जाला दहा रुपयांचं शुल्क आणि उत्तराला ३० दिवस. तरीही हालचाल नसेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाला कळवा.

निकालाची कारणांसह प्रत घ्या आणि ती हातात पडल्याची तारीख लिहून ठेवा. अपिलाची मुदत ६० दिवसांची. इथे एक फट आहे: २००२ च्या नियमांत निर्णयाने बाधित झालेल्या कोणालाही अपील करता येतं, पण २०१९ च्या कायद्याच्या कलम ३० मध्ये अपिलाचा उल्लेख फक्त वैद्यक व्यावसायिकासाठी आहे. याच मुद्द्यावर रुग्णांची अपिलं परत पाठवली गेली आहेत. तरी मुदतीत अपील पाठवाच. ते नाकारलं तर नकार लेखी घ्या, कारण उच्च न्यायालयात रिट याचिका करायची झाल्यास 'दुसरा मार्ग आधी वापरला का' हा प्रश्न येतो. आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीच्या निकालांवर त्यांच्या आयोगांकडे जायचं असतं.

पोलीस तक्रार वेगळी. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं आहे. म्हणून पोलीस ठाण्यातून कागद सरकारी डॉक्टरांच्या समितीकडे जातात. ते मत कोणत्याही बाजूने आलं तरी त्याची प्रत मागून घ्या आणि परिषदेतलं प्रकरण चालू असेल तर तिथे दाखल करा. विरुद्ध आलं असेल तर प्रतीसोबत एका पानाचं तुमचं उत्तरही द्या, कारण डॉक्टरचा वकील ते मत मांडणारच आहे.